यात्रेच्या मांडवात ती कॅसेट दाखवू का?

पत्र थोडक्यात असं: बेळगाव तालुक्यातल्या एका गावातले 28 वर्षांचे वाचक लिहितात. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हा त्यांचा धंदा. गावची लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी भरतेय, घर पाहुण्यांनी भरून जाणार, म्हणून घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून त्यांची छोटी फिल्म अंगणात पडदा लावून दाखवायचं त्यांनी ठरवलं. 1991 सालच्या आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये त्यांना एक अनोळखी माणूस दिसला. मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून उभा. शेजारी हिरव्या साडीतली बाई, तिच्या कडेवर पोर. हॅलोजनचा झोत वळतो तसा माणूस मान खाली घालतो. तेवढ्यात आजी येते, पोराच्या गालावरून हात फिरवते आणि कॅमेरा पुढे सरकतो. माणसाचा चेहरा थेट वडिलांचा.

घरात आजवर सांगितलं गेलं ते असं की धाकटा काका 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात होता, पोलीस मागे लागले, तो मुंबईला गेला आणि पुढे पत्ता लागला नाही. आईला खोदून विचारल्यावर कळलं की काका धारवाडला आहे. कन्नड मुलीशी लग्न केलं म्हणून आजोबांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. वडिलांच्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘धारवाड पाइप’ या नावाने सेव्ह केलेला सापडला. आजी आणि थोरले काका यांना यातलं काहीच माहीत नाही, असं वाचकांचं म्हणणं. बेत असा: काकाला गुपचूप बोलवायचं, तो सीन पडद्यावर आला की त्याने अंगणात पाऊल टाकायचं. ‘कपूर अँड सन्स’मधला फॅमिली फोटोचा सीन त्यांना तोंडपाठ आहे. ‘सगळे एकत्र येतील असा दिवस पुन्हा मिळणार नाही. एकदा खरं बाहेर आलं की घर मोकळं होईल. माझं काही चुकतंय का?’

उत्तर:

बेत वाचून आधी मला हसू आलं, कारण तो फार छान आखलाय. अंधार, पडदा, एंट्री, आजीचा क्लोज-अप. धंद्यातला माणूस आहे हे लगेच कळतं. पण एक गोष्ट तुमच्याच नजरेतून सुटलीय.

आजींना काही माहीत नाही म्हणता, मग त्या कॅसेटमध्ये त्या करताहेत काय? लेकीचं लग्न, अक्षतांची घाई, विहिणीचा मान राखायचा, स्वयंपाकघरातून हाका येताहेत. अशा वेळी नवरीची आई मांडवाच्या कडेच्या खांबापर्यंत कशाला जाईल? आणि गेलीच, तर अनोळखी बाईला ‘कुठल्या गं तुम्ही?’ असं विचारल्याशिवाय तिच्या पोराच्या गालावरून हात फिरवेल? तुम्ही फ्रेम थांबवून काकांचा चेहरा वडिलांच्या फोटोशी जुळवलात. आता तीच क्लिप फक्त आजींकडे बघत चालवा. त्या कुठून निघाल्या, वाटेत कुणाशी बोलल्या का, हात फिरवून झाल्यावर मागे वळून कुणी बघतंय का हे पाहिलं का. मला काय वाटतं ते मी सांगत नाही, तुम्हीच बघा.

थोरल्या काकांचंही तसंच. तुमच्याच पत्रात ओघात येऊन गेलंय की त्याच कॅसेटच्या सुरुवातीला ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडताहेत. सख्खा भाऊ बायको-पोरासकट त्यांच्यासमोरून आत गेला आणि त्यांना दिसलाच नाही? होऊ शकतं. गावात मांडवाला मागूनही वाट असते. पण मी त्यावर पैज लावणार नाही.

वडील फोनवर बोलतात. आईला ठाऊक आहे. आत्याच्या लग्नाची कॅसेट आत्याने आजवर पाहिली नसेल, हे तर मला पटतच नाही. मग खरोखर अंधारात कोण आहे? तुमच्या पिढीतली भावंडं, जावई आणि सुना.

म्हणून तुमचा बेत मला धोक्याचा वाटतो. तुम्हाला वाटतंय की पडद्यावर काका उघडा होईल. उघडी होतील ती बाकीची सगळी. आजींना कळेल की मधल्या मुलाचं धाकट्याशी बोलणं चालू होतं. थोरल्यांना कळेल की आपण पाहिलं तसं आईनेही पाहिलं होतं आणि दोघांनी एकमेकांना इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. आणि हे सगळं व्याही, जावई, शेजारपाजार यांच्यासमोर. भाऊ घर सोडून गेला ही गोष्ट घरं पचवतात. ‘तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास’ हे चारचौघांत ऐकणं पचत नाही.

आता सिनेमाबद्दल, कारण तुमच्या बेताची मुळं तिथे आहेत. सणासमारंभाला जमलेलं कुटुंब आणि जेवणाच्या टेबलावर फुटणारं गुपित हा सिनेमावाल्यांचा आवडता मसाला आहे. मलाही आवडतो. पण दिग्दर्शक सगळ्यांना एका घरात कोंबतो ते त्याच्या सोयीसाठी. त्याला दोन तासांत गोष्ट संपवायची असते आणि पात्रं उठून गेली तर सिनेमाच संपतो. 1998 च्या ‘फेस्टेन’ या डॅनिश सिनेमात बापाच्या साठीच्या जेवणावळीत मोठा मुलगा भाषणाला उभा राहतो आणि लहानपणी बापाने आपल्यावर आणि आपल्या जुळ्या बहिणीवर केलेले अत्याचार सांगतो. मग काय होतं? पाहुणे क्षणभर थबकतात आणि पुढचा घास घेतात. कुणी उठून जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या माणसांना पाहुण्यांच्या गाड्यांच्या चाव्या लपवाव्या लागतात. तुमच्या अंगणातल्या चाव्या कोण लपवणार? थोरले काका बुलेटला किक मारतील आणि यात्रा संपेपर्यंत घरात पाऊल ठेवणार नाहीत.

‘कपूर अँड सन्स’चं म्हणाल, तर तो सीन तोंडपाठ असेल, पण पुढचं आठवा. फोटोच्या दिवशी सगळ्यांचं सगळं बाहेर येतं, वडील रागाने गाडी काढून निघतात आणि अपघातात जातात. फोटो निघतो तो नंतर, त्यांच्या जागी त्यांचा कटआउट उभा करून. त्या दिवशी घर मोकळं झालं असं दिग्दर्शक कुठेच म्हणत नाही.

तुमच्या गोष्टीला सगळ्यात जवळचा सिनेमा वेगळाच आहे. माइक लीचा 1996 सालचा ‘सीक्रेट्स अँड लाइज’. दत्तक गेलेली, आता मोठी झालेली मुलगी जन्मदात्या आईला शोधून काढते आणि शेवटी सगळ्या नातेवाइकांसमोर, एका वाढदिवसाच्या दुपारी, ते बाहेर येतं. कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लोकांना आठवतो तो वाढदिवस. पण त्याआधीचा एक सीन बघा. रिकामं कॅफे, दोघी शेजारी-शेजारी बसलेल्या, कॅमेरा जागचा हलत नाही, कित्येक मिनिटं एकही कट नाही. आई आधी म्हणते, शक्यच नाही. मग तिला काहीतरी आठवतं आणि ती कोसळते. तिथे तिसरं माणूस नाही. त्यानंतर दोघी कितीतरी वेळा भेटतात, हसतात, जेवायला जातात, आणि मग वाढदिवस येतो. तिथेही सांगते ती आई स्वतः, मुलगी नाही. एवढी तयारी होऊनही ते भलत्या वेळी तोंडून निसटतं, धाकटी लेक तडातडा घराबाहेर पडते आणि मामाला तिच्या मागे जावं लागतं. माइक ली पटकथा हातात देत नाही. महिनोन्‌महिने नटांबरोबर पात्रं घडवतो आणि प्रत्येक नटाला त्याच्या पात्राला जेवढं ठाऊक तेवढंच कळू देतो. म्हणजे धक्का बसवायचा म्हणून त्याने महिने घालवले. तुमच्या आजींना तुम्ही एका रात्रीत, तालमीशिवाय उभं करणार आहात.

शिवाय सिनेमात गौप्यस्फोटानंतर कट मारता येतो. यात्रेत देवी गदगेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की पाहुणे आठवडाभर हलत नाहीत. रात्री जो तमाशा होईल, त्यातल्याच माणसांना सकाळी त्याच एका बंबाच्या पाण्यासाठी ओळीने उभं राहायचंय.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आंदोलनाच्या कहाणीवर तुमचा राग आहे, ‘खोट्याला देशभक्तीची कल्हई’ असं तुम्ही लिहिलंय. राग समजतो. 1986 मध्ये इथे गोळीबारात माणसं गेली आणि दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी लोक अजून जमतात. ज्यांच्या घरातलं माणूस खरंच गेलं, त्यांच्या दुःखाची झूल आपल्या घरच्या भांडणावर पांघरणं मलाही खटकतं. पण तुमच्या आजोबांच्या जागी उभं राहून बघा. गाव पेटलेलं, घरातला मोठा मुलगा चळवळीत, आणि धाकट्याने नेमकं त्याच वेळी हे लग्न केलेलं. त्यांनी मुलाला बाहेर काढलं, ते मला मुळीच मान्य नाही. पण गावाला सांगताना त्यांनी ‘पळून गेला’, ‘मेला आम्हाला’ असलं काही म्हटलं नाही. परत आला तर ताठ मानेने येता येईल अशी कहाणी त्यांनी रचली. मुद्दाम की नकळत, कोण जाणे. त्या खोट्यात थोडी माया असावी असा मला संशय आहे.

थोरल्या काकांनाही तुम्ही एका पत्रात खलनायक करून टाकलंत. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत एका बाजूला आणि भावजय कुठल्या भाषेत बोलते ते दुसऱ्या बाजूला. रविवार पेठेत धान्याचे भाव करताना, कचेरीत उतारा काढताना ते रोज कन्नड बोलतच असतील. भांडण सरकारच्या सक्तीशी आहे, घरात आलेल्या सुनेशी नाही, हे आपल्याकडच्या बहुतेकांना न सांगता कळतं. त्यांनाही कळत असेल. विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि त्या हिरव्या साडीतल्या बाई? तुमच्या चार पानी पत्रात काकांवर दोन पानं आहेत, त्यांच्यावर एक ओळ, तीही ‘ती बाई’ अशी. नात्याने त्या तुमच्या काकू. ज्या मांडवात आपल्याला कुणी ‘ये, बस’ म्हणालं नाही तिथे त्या तान्हं पोर कडेवर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. आता पडद्यावर पुन्हा तोच क्षण, तेच खांबाशी उभं राहणं, आणि त्यांना विचारलंय कुणी? कडेवरचं ते पोर आज पस्तिशीच्या आसपास असेल. आपण एका सिनेमात आहोत हे त्यालाही कळायला नको का?

मग करायचं काय? मला सुचतो तो क्रम असा.

पहिले वडील, आणि तेही घराबाहेर. आपल्याकडे बाप-लेक समोरासमोर बसून असलं काही बोलत नाहीत. शेताच्या बांधावर किंवा गाडीवर मागे बसून बोलतात, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ‘मला सगळं कळलंय’ने सुरुवात करू नका, ‘धारवाड पाइप’चा तर उच्चारही नको. आईचं नावही मध्ये आणू नका. मोबाइलवर क्लिप लावा आणि विचारा, ‘बाबा, हे कोण?’ एवढंच. मग गप्प राहा. एडिटरला गप्प राहणं जड जातं, जाणते. ते म्हणाले ‘असेल कुणीतरी’, तर तेही ऐकून घ्या आणि दोन-चार दिवस जाऊ द्या. बहुधा ते स्वतःच विषय काढतील, कारण गुपित सांभाळायचाही कंटाळा येतो.

वडिलांच्या होकाराने मग धारवाड. दीड-दोन तासांची तर वाट आहे. कॅमेरा घरी ठेवा. कुंदा न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका. काका-काकूंना ती क्लिप दाखवा, तिची कॉपी त्यांना द्या. त्या लग्नात आपण कॅमेऱ्यात सापडलो हे त्यांना बहुतेक ठाऊकच नसेल. आणि विचारा, यायचंय का? कधी? कसं? दोघांना वेगवेगळं विचारता आलं तर फार बरं, कारण काकांना यावंसं वाटेल आणि काकूंना नाही, किंवा नेमकं उलटं.

नंतर आजी. दुपारी घर निजलेलं असताना, एकटीला, मोठ्या स्क्रीनवर. त्यांची नजर अधू असेल तर तुम्ही शेजारी बसून सांगा. काय सांगायचं ते त्याच सांगतील. पुढचा निर्णय मी त्यांच्यावर सोडेन. थोरल्या मुलाला ‘तुझा भाऊ येतोय’ असं तोंडावर सांगण्याचा अधिकार त्या घरात त्यांच्याइतका कुणाचाच नाही. थोरल्यांना हे यात्रेआधी आणि माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे. त्यांनी पाय आपटले तर? आपटू देत. आठ दिवस आधी आपटलेल्या पायांना शांत व्हायला आठ दिवस मिळतात.

काका यायला तयार झाले तर कुठल्या दिवशी आणायचं, यावर माझं मत जरा उलटं आहे. निवांत दिवशी आणा असं कुणीही सांगेल. पण घरी फक्त पाच माणसं असताना ते आले तर पाचही जण त्यांच्याकडेच बघत बसणार. यात्रेच्या दिवशी पंगतीवर पंगती उठतात, कोण आलं, कोण जेवलं कुणी मोजत नाही, ‘आलास? हातपाय धू, जेवून घे’ एवढ्यावर भागतं. बहिणीच्या लग्नाला ते गर्दीचा आडोसा घेऊनच आले होते. पुन्हा गर्दीत यायचं असेल तर येऊ देत. फक्त या वेळी त्यांच्यावर हॅलोजन मारू नका.

वडीलच नाही म्हणाले तर? मग पडद्यावरच्या फिल्ममधून तो तुकडा वगळा. राग येईल, येऊ दे. पण मूळ कॅसेटला कात्री लावू नका. आपल्या पावसाळ्यात व्हीएचएसच्या फितीला बुरशी धरते, म्हणून अख्खी कॅसेट एकसलग कॅप्चर करून दोन ठिकाणी ठेवा. आज नाही तर उद्या कुणी मागेल. तुमचे चुलतभाऊ धारवाडहून मागतील.

एका गोष्टीची तयारी मात्र आधीच ठेवा. काका उंबऱ्याच्या आत आले की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘वाटणी’ हा शब्द काढणारच. बेळगावच्या आसपास जमिनीला आलेले भाव तुम्हाला मी सांगायला नकोत. थोरल्यांचा विरोध भाषेच्या नावाने बोलला जाईल आणि मनात उतारा असेल, असंही होऊ शकतं. घर सोडलं किंवा बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हक्क आपोआप जात नाही. आणि हो, त्या कॅसेटमधल्या नवरीचाही हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच असल्याचं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात कुणाला किती, हे जुने कागद, आधी झालेल्या वाटण्या आणि मृत्युपत्र असेल तर ते पाहून वकीलच सांगेल. हा विषय यात्रेत काढायचा नाही, एवढं वडिलांनी दोन्ही भावांकडून आधी कबूल करून घ्यावं.

ज्या वाचकांच्या घरी असंच काही झाकलेलं आहे त्यांच्यासाठी एक फरक सांगून ठेवते. वर मी सबुरीचा सल्ला दिला, कारण इथे आज कुणाच्या जिवाला धोका नाही. मीरा नायरच्या ‘मान्सून वेडिंग’मध्ये रिया वर्षानुवर्षं गप्प असते. ज्या काकाने लहानपणी तिला छळलं, तोच आता घरातल्या लहान मुलीला गाडीतून घेऊन निघालेला दिसतो, तेव्हा ती लग्नघरात, सगळ्यांसमोर ओरडते. तिथे वेळ, जागा, वडीलधाऱ्यांचा मान असलं काही बघायचं नसतं. पोर धोक्यात असेल तर मांडव मोडला तरी बेहत्तर, त्याच क्षणी बोला आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. (त्या सिनेमातला काका आणि ‘कपूर अँड सन्स’मधले वडील एकाच नटाने केलेत, रजत कपूर. बिचाऱ्याच्या वाट्याला घरगुती गुपितंच येतात.)

फिल्म मात्र बनवा आणि दाखवा. आत्याच्या पाठवणीचं रडणं, आजोबांचा फेटा, लाइटची वायर ओढत मागे पळणारा पोरगा, सगळं ठेवा. अंगणात लावण्याआधी एकदा आजी, आई-वडील आणि थोरले काका यांना बसवून पूर्ण दाखवा, आणि कुणी ‘हे काढ’ म्हणालं तर कारण न विचारता काढा. धारवाडला जाण्याआधी आईकडून काकूंचं नाव विचारून घ्या.